कंपू: ग्वाल्हेरचा आणि लाहोरचा

प्रश्न असा आला आहे: महाराजा रणजितसिंहाच्या फौजेबद्दल वाचताना 'कंपू-ए-मुअल्ला' हे नाव भेटलं. 'साहित्यिकांचा कंपू' म्हणतो तोच का हा कंपू? आणि तो लाहोरला फ्रेंच अधिकाऱ्यांनी नेला का?

शब्द तोच. फ्रेंचांनी नेला असं मात्र मला वाटत नाही.

मूळ पोर्तुगीज 'कांपो', म्हणजे मैदान, छावणी. इंग्रजी 'कॅम्प' जवळचा दिसतो खरा, पण शेवटचा 'पू' त्यातून कुठून येणार? फ्रेंच माणूस तर हा शब्द उच्चारताना 'प' गिळूनच टाकतो, नुसतं 'कां' म्हणतो. आपल्याकडे कंपूची खरी चलती झाली ती महादजी शिंद्यांच्या काळात. सव्हॉयचा द बॉयन १७८४ साली त्यांच्या चाकरीत आला आणि त्यानं कवायती पलटणी उभ्या केल्या. पायदळ, सोबत तोफा, थोडे स्वार अशा अख्ख्या जुळणीला कंपू म्हणत. छावणीचं नाव छावणीतल्या माणसांना चिकटलं, एवढंच. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथं राजपुतांना हरवलं ते याच पलटणींनी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाची वस्ती आजही आहे.

आता लाहोर. नेपोलियनच्या सैन्यातून आलेले अलार आणि व्हेंतुरा तिथं पोचले मार्च १८२२ मध्ये. म्हणजे द बॉयननंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्यांनी बांधलेली 'फौज-ए-खास' प्रसिद्ध आहे: चार पायदळ पलटणी, दोन रिसाले आणि तोफखाना. पण रणजितसिंहानं कवायती पायदळ त्याच्या बरंच आधी उभं करायला घेतलं होतं. ते शिकवायला होते कंपनीच्या आणि मराठ्यांच्या फौजा सोडून आलेले लोक. घोड्यावर वाढलेल्या शीख स्वाराला पायी रांगेत चालणं हा अपमान वाटे. कवायतीला ते 'रक्स-ए-लूलियाँ' म्हणून हिणवत, म्हणजे नाचणारणींचा नाच! त्यामुळे सुरुवातीच्या पलटणींत भरणा पुरबियांचा, म्हणजे पूर्वेकडच्या हिंदुस्थानी शिपायांचा होता. माझा तर्क असा, की हे हिंदुस्थानी शिपाई येताना कंपू, पलटण, कुमेदान (म्हणजे कमांडंट) हे शब्द पडशीत घालूनच आले. फ्रेंच साहेब पोचले तेव्हा शब्द त्यांची वाट बघत बसलेले होते.

मला मौज वाटते ती 'मुअल्ला'ची. मुअल्ला म्हणजे उच्च, थोर. मोगलांकडे बादशाही छावणीला 'उर्दू-ए-मुअल्ला' म्हणत आणि 'उर्दू' या तुर्की शब्दाचाही अर्थ छावणीच. त्यावरूनच पुढे भाषेचं नाव पडलं. लाहोरच्या फारसी कारकुनानं तुर्की छावणी काढून तिथं पोर्तुगीज छावणी बसवली, थोरपण तसंच ठेवलं. असा शब्द ज्याला सुचला त्याचं अक्षर बघायला मला आवडलं असतं.

(साहेबांच्या नावांचंही असंच झालं. नेपल्सजवळचा अविताबिले पुढे पेशावरचा सुभेदार झाला. लोकांनी त्याचा 'अबू तबेला' करून टाकला.)

मग आपल्याकडे कंपूला वाईट वास का लागला? कंपूचा शिपाई सरकारपेक्षा पगार देणाऱ्या आपल्या सरदाराला ओळखायचा. सप्टेंबर १८०३ मध्ये, ऐन लढाईत, शिंद्यांचा सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. लाहोरलाही रणजितसिंहाच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८३९ नंतर, पलटणींनी आपापले पंच नेमले आणि दरबारालाच अटी घालायला सुरुवात केली. 'आपली माणसं, आपला म्होरक्या, बाकीचे परके' हा अर्थ लष्करातून साहित्य संमेलनापर्यंत यायला फार चालावं लागलं नसावं. 'कंपूबाजी' ही मात्र अलीकडची घडण. 'बाजी' हा फारसी प्रत्यय पोर्तुगीज शब्दाला लावून आपण तो मराठी म्हणून वापरतो.

इंग्रजीतला 'कॅम्प' आपण नंतर वेगळा घेतला. म्हणून पुण्याचा माणूस खरेदीला कॅम्पात जातो, कंपूत नाही.