कॉलेजात इंग्रजी साहित्याचं विश्लेषण करायला आणि रिसर्च पेपर लिहायला कसं शिकावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: वाचायला आवडतं म्हणून कॉलेजात इंग्रजी घेतलं, पण प्रत्येक निबंधावर ‘ही नुसती गोष्ट सांगितली, विश्लेषण कुठे आहे?’ असा शेरा येतो. त्यात आता रिसर्च पेपर द्यायचा आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते आणि हा शेरा मीही लिहिते. पण नुसत्या शेऱ्याने पुढची वाट दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सारांशात काय घडलं ते येतं. विश्लेषणात ते कशा रीतीने सांगितलंय आणि त्यामुळे अर्थ कसा बदलतो ते येतं. ही व्याख्या वर्गात सगळ्यांनी ऐकलेली असते, पण लिहायला बसल्यावर ती उपयोगी पडत नाही. म्हणून एक कथाच घेऊ. अमेरिकन लेखिका केट शोपॅन यांची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ ही १८९४ सालची कथा जेमतेम हजार शब्दांची आहे. हृदयविकार असलेल्या एका बाईला रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी जपून सांगितली जाते. ती रडते, मग खोलीत एकटी जाऊन उघड्या खिडकीपाशी बसते. तिथे दुःखाच्या खालून हळूहळू एक वेगळीच भावना वर येते: आपण आता मोकळ्या झालो. ती खाली येते तोच नवरा दार उघडून आत येतो. तो अपघाताच्या जवळपासही नव्हता. बाई जागीच मरते आणि डॉक्टर म्हणतात, आनंद सहन झाला नाही.

हा झाला सारांश. आता पेन्सिल हातात घ्या आणि एकच गोष्ट शोधा: या बाईला कुठे काय म्हटलंय? पहिल्याच वाक्यात ती ‘मिसेस मॅलर्ड’ आहे. खोलीत शिरल्यावर निवेदक तिला फक्त ‘ती’ म्हणतो. मोकळेपणाची जाणीव पुरती झाल्यावर, पहिल्यांदाच, ‘लुईझ’ हे नाव ऐकू येतं. आणि नवरा दारात उभा राहतो तेव्हा त्याचा मित्र त्याला ‘त्याच्या बायको’च्या नजरेआड करायला धावतो. म्हणजे अगदी शेवटी ती पुन्हा कुणाची तरी बायको झाली.

ही नोंद करायला कुठलाही सिद्धांत लागला नाही. पण नोंद म्हणजे विश्लेषण नव्हे. बरेच निबंध इथेच थांबतात: ‘नावं बदलत जातात, यातून तिचं स्वातंत्र्य दिसतं.’ थोडं थांबून स्वतःलाच अडवा. ‘लुईझ’ ही हाक कोण मारतं? तिची बहीण. कुठून? बंद दाराबाहेरून, किल्लीच्या भोकाला तोंड लावून. आणि बहिणीला काय वाटतंय? ही दुःखाने आजारी पडेल. म्हणजे तिला नावाने हाक मारणाऱ्या माणसालाही आत काय चाललंय याचा पत्ता नाही. आता खरा प्रश्न तयार झाला: बाईला तिचं नाव मिळतं, पण ते तिला मुळीच न ओळखणाऱ्याच्या तोंडून का मिळतं?

या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणजे तुमचा दावा, ज्याला थीसिस म्हणतात. उदाहरणार्थ: ‘या कथेत लुईझला कुणीच ओळखत नाही, म्हणून डॉक्टरांचं शेवटचं निदान ही अचानक दिलेली कलाटणी नाही, पहिल्या वाक्यापासून चालत आलेल्या गैरसमजाची ती शेवटची पायरी आहे.’ यावर एखादा शहाणा वाचक ‘मला पटत नाही’ म्हणू शकेल का? नक्कीच म्हणू शकेल. मग हा दावा झाला. ‘या कथेत स्त्रीस्वातंत्र्याचं चित्रण आहे’ यावर कुणी वाद घालणार नाही, म्हणून तो नुसता विषय आहे. माझ्याकडे येणाऱ्या पहिल्या मसुद्यांमध्ये बहुतेक वेळा दाव्याच्या जागी विषयच असतो, आणि मग लिहिणाऱ्यापुढे गोष्ट सांगत बसण्यावाचून काही उरत नाही. सारांशाची सवय भाषा कच्ची असल्यामुळे लागते असं विद्यार्थ्यांना वाटतं. मला ते पटत नाही. सिद्ध करण्यासारखं काही हाती नसलं की उत्तम इंग्रजी येणारासुद्धा कथानकच सांगतो.

बारकाईने वाचण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. केंब्रिज विद्यापीठात शिकवणारे समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव आणि काळ न सांगता कविता वाचायला देत आणि त्यांच्याकडून लेखी प्रतिक्रिया घेत. १९२९ साली त्यांनी त्यावर ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहिलं. त्यातून दिसलं की चांगल्या शिकलेल्या वाचकांनाही पुष्कळदा कवितेचा साधा वाच्यार्थच लागत नव्हता, आणि ती जागा ते तयार, ठरावीक प्रतिक्रियांनी भरून काढत होते. म्हणून माझा आग्रह असा की कुठलाही उतारा घेतलात की आधी त्याचा सरळ अर्थ आपल्या शब्दांत लिहून काढा, हवं तर मराठीत. वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद कशाला लागतं, ‘ते’ म्हणजे नेमकं काय, हे लागलं की मगच प्रतिमा आणि प्रतीकांकडे वळा. प्रतीकांची घाई फार नुकसान करते. खिडकी दिसली की ‘स्वातंत्र्याचं प्रतीक’ असं लिहून मोकळं होता येतं, पण त्या खिडकीतून या कथेत नेमकं काय दिसतं, काय ऐकू येतं, पावसाचा वास कुठून येतो, हे वाचायचं राहून जातं.

आणखी दोन सवयी लवकर लावून घ्या. निवेदक आणि लेखक एकच धरू नका. आणि ‘लेखिकेला असं म्हणायचं आहे’ हे वाक्य शक्य तितकं टाळा. विमसॅट आणि बियर्डस्ली या अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात मांडलं की लेखकाचा हेतू हा साहित्यकृती जोखण्याचा मापदंड होऊ शकत नाही. हे मत सगळ्यांना मान्य नाही, मलाही ते पूर्ण मान्य नाही. पण शिकणाऱ्यासाठी ती उत्तम शिस्त आहे, कारण मग पुरावा पानावरच शोधावा लागतो.

आता रिसर्च पेपर. इथे बहुतेकजण उलट्या टोकाने सुरुवात करतात: आधी दहा लेख गोळा करायचे, मग त्यांतली वाक्यं जोडायची. अशा पेपरात लिहिणाऱ्याचा आवाजच नसतो. कथा दोनतीनदा वाचून, आपली नोंद आणि आपला प्रश्न कागदावर आल्याशिवाय समीक्षा उघडू नका. त्यानंतर मात्र नेटाने शोधा. जेस्टोर आणि प्रोजेक्ट म्यूझ ही अभ्यासलेखांची ऑनलाइन भांडारं, आणि एमएलए इंटरनॅशनल बिब्लिओग्राफी ही अशा लेखांची सूची, यांपैकी काय उपलब्ध आहे ते कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. हे विचारायला विद्यार्थी उगाच संकोचतात. एक चांगला, अलीकडचा लेख मिळाला की त्याची संदर्भसूची वाचा. जी नावं पुन्हापुन्हा येतात ती महत्त्वाची, आणि त्या सूचीवरून मागेमागे जाता येतं.

समीक्षकाचं करायचं काय, हा पेपरातला सगळ्यात अवघड भाग. आपल्याच उदाहरणावर बघू. लॉरेन्स बर्कोव्ह यांनी २०००मध्ये या कथेवर एक लेख लिहिला. त्यांच्या मते लुईझ ही नायिका नाही, ती स्वतःत गुरफटलेली, अपरिपक्व व्यक्ती आहे, आणि निवेदक तिच्या बाजूने बोलतो असं समजणं चूक आहे. हे वाचून आपला दावा डळमळतो. पहिला मोह होतो की असा लेख सोडून द्यावा आणि आपल्याला अनुकूल असलेले शोधावे. तसं करू नका, पेपर इथेच जिवंत होतो. पुन्हा नावांकडे जा. ‘लुईझ’ हे नाव फक्त बहीण उच्चारते. निवेदक एकदाही उच्चारत नाही. अरेच्चा! म्हणजे आपला पुरावा बर्कोव्ह यांच्याही उपयोगाचा आहे: निवेदक तिच्यापासून अंतर राखून आहे असं म्हणता येईल. आता दावा सुधारावा लागेल. निवेदकाचं अंतर म्हणजे नापसंतीच असते का? की तिला नाव देऊन तिच्यावर हक्क सांगायला तोही तयार नाही? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण खोलीतल्या प्रसंगात निवेदक तिच्या मनाच्या इतका आत जातो की तिथे नापसंतीला जागा उरत नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकेल. पण आता तुम्ही एका प्रत्यक्ष वादात उतरला आहात, आणि समीक्षकाचं वाक्य शोभेपुरतं आलेलं नाही, त्याने तुमचा दावा बदलला.

कुठली आवृत्ती वापरता तेही बघा. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीत नायक व्हिक्टरची होणारी बायको एलिझाबेथ ही १८१८च्या आवृत्तीत त्याची आत्येबहीण आहे, आणि १८३१च्या सुधारित आवृत्तीत घरी आणून वाढवलेली अनाथ मुलगी. त्या दोघांच्या नात्यावर लिहायचं असेल तर हा फरक पेपरचा पायाच बदलतो. इंटरनेटवर सापडलेल्या पहिल्या फाइलवरून अवतरणं उचलण्याआधी ती कुठल्या वर्षाची आवृत्ती आहे ते तपासा.

परिच्छेद लिहिताना अवतरण छोटं घ्या, आपल्या वाक्यात गुंफा, आणि त्यानंतर त्यातल्या शब्दांबद्दल काहीतरी बोला. अवतरणावर परिच्छेद संपला की समजा बोलायचं राहिलं. कथेतल्या घटना इंग्रजीत वर्तमानकाळात लिहितात. ही रूढी आहे, पाळा. संदर्भ देण्याच्या एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीची भीती बाळगू नका: मजकुरात कंसात लेखकाचं आडनाव आणि पान, शेवटी पूर्ण सूची. या पद्धतीच्या नियमपुस्तिकेची नववी आवृत्ती २०२१ची आहे. जुन्या आवृत्तीवर बेतलेले नमुने अजून फिरत असतात, तेव्हा तुमच्या शिक्षकांना कुठली हवी ते विचारून घ्या. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी संदर्भ द्यावाच लागतो. म्हणून टिपणं काढतानाच दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत आणि पान क्रमांकासह लिहा. महिन्याभराने आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं ते आठवत नाही, आणि वाङ्मयचौर्याची पुष्कळ प्रकरणं अशीच घडतात. चॅटबॉटला संदर्भ विचारलेत तर अस्तित्वातच नसलेले लेख तो हुबेहूब खऱ्यासारखे देऊ शकतो. जो लेख स्वतः उघडून वाचला नाही तो सूचीत घालू नका.

मसुदा झाला की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा. ती वाक्यं सलग वाचून तुमचा युक्तिवाद समजतो का? ‘त्यानंतर लुईझ खोलीत जाते’ असं वाक्य दिसलं की तो परिच्छेद कथानकाच्या मागे चालला आहे. तिथे दाव्याचा कुठला भाग सिद्ध करायचा होता ते ठरवा आणि तो परिच्छेद त्या वाक्यापासून पुन्हा लिहा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिलीत तरी चालेल, कारण दावा तोवर बदललेला असतो. आणि पहिला मसुदा सादर करण्याच्या निदान आठवडाभर आधी तयार ठेवा, म्हणजे तो घेऊन शिक्षकांना भेटता येईल. भेटाल तेव्हा ‘सर, बरोबर आहे का?’ असं विचारू नका. दावा एका वाक्यात सांगा आणि विचारा की यावर सगळ्यात कडक आक्षेप कोणता येईल.