नुसती लिंक पाठवू नकोस

अगं,

तुझा परवा रात्रीचा मेसेज तीनदा वाचला. आठवडाभर जमवलेल्या चाळीस लिंका तू ग्रुपवर टाकल्यास, एकाने अंगठा दाखवला, बाकी सगळे चिडीचूप. आणि आता विचारतेस की हे बंद करू, का ‘पाच भन्नाट वेबसाइट्स’ छापाचे रील बनवायला घेऊ. दोन्ही नको. त्या चाळीस लिंका मी उघडून बघितल्या, सगळ्या, अख्खा रविवार गेला त्यात, आणि माल चांगला आहे गं, खरंच चांगला आहे, पण एकीसोबतही तुझा एक शब्द नाही. नुसती निळ्या अक्षरांची रांग. कोण उघडणार? मी उघडल्या कारण मला दुसरं काम नव्हतं.

एक ओळ लिही. प्रत्येक लिंकसोबत, तुझ्या शब्दात, तुला हे का पाठवावंसं वाटलं याची एक ओळ. बस. मला एवढंच सांगायचंय, बाकी पत्र म्हणजे माझी बडबड आहे.

आता बघ, एक अंधुक, काळापांढरा फोटो आहे, काडेपेटीएवढा, त्यात कॉफीचं भांडं. नुसता पाठवला तर समोरचा म्हणेल बरी आहेस ना. पण लिही की केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या लोकांना जिने चढून-उतरून यायचं आणि भांडं रिकामं बघायचं याचा वैताग आला, म्हणून 1991 मध्ये त्यांनी त्या भांड्यावर कॅमेरा लावला, 1993 मध्ये तो वेबवर गेला आणि 2001 मध्ये बंद होईपर्यंत जगभरातले लोक परक्यांची कॉफी संपली का ते बघत बसले. आता उघडेल की नाही? फोटो तोच आहे. (ही एक ओळ नाही झाली, मला माहितीये. माझी कधीच होत नाही.)

मी हे शिकलो ते सगळं घालवून. 2003 मध्ये डिलिशस नावाची साइट निघाली, तुला माहीत नसणार, बुकमार्क साठवायचे आणि सगळ्यांना दाखवायचे. तिथे लिंकखाली नोट लिहायला चौकोन असायचा. मी तो कधी भरला नाही. नंतर भरू, नंतर भरू. वेड्यासारखा जमवत होतो, दिवसाला पाच-सहा, मित्रांना धडाधड ढकलत होतो आणि कुणी विचारलं काय आहे यात, की म्हणायचो उघडून बघ ना. पुढे ती साइट या मालकाकडून त्या मालकाकडे जात संपली, माझी फाइल मात्र मी उतरवून ठेवलेली आहे. मागच्या महिन्यात उघडली. दोन हजारांवर लिंका, त्यातल्या चारेकशे लिंकांवर टॅग एकच, ‘मस्त’. काय मस्त? कशाला मस्त? प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेने 2024 मध्ये मोजलं होतं की 2013 साली असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती, माझी तर त्याहून जुनी. जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर काही मिळतात, ते पान दिसतं, पण मी ते का ठेवलं होतं हे वेबॅक मशीन कसं सांगणार? ते फक्त त्या रिकाम्या चौकोनात असायला हवं होतं.

आणि ओळ लिहायला बसलं की हात थांबतो, तोही फायदाच. मार्च 2020 मध्ये व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन परतले असा व्हिडिओ फिरत होता, मी तो किती जणांना पाठवला विचारू नकोस. डॉल्फिन खरे, पण ते सार्डिनिया या इटलीच्याच बेटावरच्या कालियारी बंदरातले. माझ्या हाताखालच्या एका पोराने तेव्हाच विचारलं होतं, सर, हा नक्की कुठला? मी त्याच्यावरच खेकसलो, म्हटलं जरा आनंद घे ना. एक ओळ लिहायची असती, कुठला, कुणी काढला, तर तिथेच अडलो असतो. त्या पोराला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही.

उपयोगाच्या गोष्टींना तर ओळ हवीच हवी. ‘उपयुक्त साइट’ ही ओळ नव्हे. फोटोपी पाठवशील तेव्हा लिही, फोटोशॉपची फाइल आलीये आणि फोटोशॉप नाहीये, तर ब्राउझरमध्येच उघड, काही इन्स्टॉल करायला नको. रेडिओ गार्डन रात्र रात्र जागणाऱ्या मैत्रिणीला पाठव आणि लिही, पृथ्वीचा गोल फिरव, जिथे आत्ता सकाळ आहे तिथल्या ठिपक्यावर थांब, तिथलं स्टेशन लागतं. तिला कळेल की हे तिच्यासाठीच आहे. चाळीस जणांना एकदम पाठवलेलं कुणासाठीच नसतं.

गमतीची गोष्ट असेल तर गंमत फोडू नकोस, एवढा अपवाद. झोम्बो डॉट कॉम 1999 पासून आहे, त्याला मी एवढंच लिहितो, ‘आवाज चालू ठेव, दोन मिनिटं दे, पुढचं सांगत नाही.’ तरी ओळ आहेच ना!

आणि हो, ती ओळ एआयकडून लिहून घेऊ नकोस. पानात काय आहे ते तो सांगेल, तू मध्यरात्री एकटी का हसलीस ते त्याला काय ठाऊक. लिंकच्या मागे प्रश्नचिन्हापासून जे लांबलचक शेपूट येतं ते कापून बघ, तरी उघडली तर तशीच पाठव, दिसायला बरी दिसते.

लोक मला चिकट म्हणतात. महिन्याला दोनच लिंका पाठवतो, त्यावर सहा-सहा ओळी, एकजण ‘लेक्चर नको’ म्हणून ग्रुप सोडून गेला. जाऊ दे. दोन हजार पाठवून बघितल्यात मी, त्यातली एकही कुणाला आठवत नाही, मलासुद्धा नाही, आणि या दोन-दोनवर लोक वर्षभराने फोन करतात, ती भांड्यावाली लिंक परत दे रे. मग मी का बदलू?

तुझ्या यादीतली सतरावी आठवड्याभरातच बंद पडलीये, पान सापडत नाही म्हणतंय. काय होतं गं त्यात?