रिक्षा विकली त्या दिवशीचा निबंध

"मॅडम, हा आधी छान लिहायचा. आता दोन ओळींच्या पुढे पेन हलत नाही," आई सांगत होती. मुलगा सहावीतला. माझ्यासमोर अगदी खुर्चीच्या कडेवर टेकला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आईनं पिशवीतून वही काढली. 'माझा आवडता सण': 'दिवाळी हा दिव्यांचा सण आहे. तो आनंदाचा व उत्साहाचा सण आहे.' अक्षर सुबक, चूक एकही नाही, आणि हा मुलगा त्यात कुठेच नाही. मी मागची पानं चाळली. जूनमध्ये 'न विसरता येणारा दिवस' या विषयावर त्यानं लिहिलं होतं:

'बाबांनी चावी त्या काकांना दिली. मग काचेवरचा स्वामींचा फोटो काढून खिशात ठेवला. आम्ही बसने घरी आलो. बाबा नेहमी मला खिडकी देतात. त्या दिवशी ते स्वतः खिडकीत बसले.'

या निबंधाचं पुढे काय झालं, ते आईनं सांगितलं. बाईंना तो फार आवडला, म्हणून त्यांनी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. संध्याकाळपर्यंत सोसायटीत दोघीजणींनी विचारलं, "रिक्षा विकलीत म्हणे?" घरी आल्यावर ती पोरावर ओरडली, "घरातलं चव्हाट्यावर मांडायला सांगितलं होतं कुणी?" तेव्हापासून दिव्यांचा सण सुरू झाला.

बाईंचा हेतू चांगलाच होता. तरी मला ठामपणे वाटतं की, मुलाला न विचारता त्याचं लिखाण वर्गात वाचायचं नाही. कौतुक म्हणूनसुद्धा नाही.

"पण घरचं दुःख लिहायला हा काय लेखक आहे का?" आईनं विचारलं. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत नेहमी येतो. मी तिला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. मांग-महारांच्या वाट्याला आलेल्या दुःखाबद्दल तिनं निबंध लिहिला आणि १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकानं तो छापला. आपल्याकडे शाळकरी मुलीनं आपल्या माणसांचं खरं लिहिलं, त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली.

मग मी विचारलं, "हा निबंध तुम्ही स्वतः वाचलाय का?" नव्हता वाचला. फक्त शेजारणींकडून ऐकला होता. मी वही तिच्यापुढे सरकवली. खिडकीच्या ओळीशी ती थांबली, पुन्हा वरून वाचायला लागली. "बसमधलं हे मला माहीतच नव्हतं. यांनी सांगितलं नाही कधी." मुलगा पहिल्यांदाच आईकडे बघत होता.

काही पालक उलट्या टोकाला जातात. लिहिल्यानं मन मोकळं होतं असं कुठेतरी वाचतात आणि पोराला वही देऊन बसवतात, "मनातलं सगळं लिही." जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बहुतेक याच्या मुळाशी असतो. त्यात काही विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांबद्दल लिहिलं. प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत, साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, कमी होत्या. पण ती कॉलेजची मुलं होती, आणि लिहून झाल्यावर लगेच तर त्यांना जास्तच जड वाटलं होतं. अकरा वर्षांच्या मुलाला दुःख उकरायला एकटं बसवायचं नसतं.

म्हणून मी वस्तूपासून सुरुवात करते. "तो फोटो आता कुठे आहे?" तो म्हणाला, "बाबांच्या शर्टाच्या खिशात. शर्ट धुवायला टाकताना काढतात, नवीन शर्टात ठेवतात." मी म्हटलं, "एवढंच लिही." त्यानं सहा ओळी लिहिल्या. मी ऱ्हस्व-दीर्घाला हात लावला नाही. फक्त विचारलं, "काढून ठेवताना बाबा काही बोलतात का?" त्यावर आणखी तीन ओळी आल्या. मुलाच्या लिखाणाला लाल शाईपेक्षा असा एखादा खरा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

मग मी त्याला छोटा स्टेपलर दिला. जे पान कुणी वाचायचं नाही, ते दुमडून पिन मारायची. आईनं त्याच्यासमोर शब्द दिला की पिन उघडणार नाही. एक अपवाद मी सुरुवातीलाच मुलांना सांगून ठेवते: कुणी तुला इजा करतंय किंवा तू स्वतःला इजा करतोयस असं मला कळलं, तर मी गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचाराबाबत तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबरही मी वहीच्या मलपृष्ठावर लिहायला लावते. हे आधी सांगितलं की मुलं बिचकतील असं पालकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. नंतर कळलं तर मात्र विश्वास जातो.

शाळेच्या वहीत काय लिहायचं, हे आम्ही त्याच्यावर सोडलं. बाईंनाही आई भेटून आली. वाचून दाखवण्याआधी त्याला विचारायचं, हे त्यांनी लगेच मान्य केलं.

चौथ्या भेटीला वही जाड झाली होती. चार पानांना पिना होत्या. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि वही तशीच त्याच्या मांडीवर ठेवली. जाताना दारात तो थांबला, एका पानाची पिन नखानं काढली आणि म्हणाला, "हे बाबांना दाखव. पण मी झोपल्यावर."