चाकोरी, चाकरी आणि चक्रातला 'च'

प्रश्न असा आलाय की 'चाकोरी' आणि 'चाकरी' एकाच मुळातले का, कारण ऑफिसच्या ट्रेनिंगमधे कुणीतरी स्लाइडवर दाखवलं म्हणे की चाकरी करून करून माणूस ज्यात अडकतो ती चाकोरी. नाही हो. चाकर, चाकरी फारसीतून आले, आपला कोकणातला चाकरमानी त्याच खात्यातला. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने कच्च्या रस्त्यात पाडलेली घळ, मागून येणारी गाडी आपसूक तिच्यातूनच जाते. म्हणजे ती आली चाकावरून. झालं उत्तर. बीकेसीच्या एसी हॉलमधे बसून असलेच जावईशोध लागणार.

पण त्याच प्रश्नाच्या शेपटाला जे जोडलंय ना, "इंग्रजी सायकल हा संस्कृत चक्रावरूनच आलाय, बरोबर ना", त्याने माझं डोकं फिरलं. हे व्हॉट्सॲपवर दर महिन्याला येतं. सायकल ही चक्राची लेक नाही, चुलत बहीण आहे. ग्रीकमधे 'किक्लोस' म्हणजे वर्तुळ, चाक, तो लॅटिन-फ्रेंच करत इंग्रजीत सायकल झाला. संस्कृतात चक्र, प्राकृतात चक्क, मराठीत चाक (सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात, तीच वाट). इंग्रजीचं घरचं 'व्हील' पण यातलंच, जुन्या इंग्रजीत ते 'ह्वेओल' होतं. आणि या सगळ्यांचा आजा म्हणजे या भाषांच्या हरवलेल्या मूळ भाषेतला (पंडित तिला आद्य इंडो-युरोपीय म्हणतात) *क्वेक्व्लोस. शब्दाआधीचा तो तारा एवढ्यासाठी की हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, नातवंडांवरून मागे जात जात बांधलाय. म्हणजे आपण 'सायकलचं चाक' म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा म्हणतो.

लगेच कुणीतरी म्हणणार, तारावाला शब्द तर काल्पनिक, मग चक्रच मूळ का नाही? तर याचा पुरावा चक्र या शब्दाच्या पोटातच आहे आणि तो मला प्रचंड आवडतो. मुळात दोन्ही ठिकाणी एकच व्यंजन होतं, क्व. मग संस्कृतात एकाचा च आणि दुसऱ्याचा क का? कारण पहिल्याच्या पुढे 'ए' होता आणि दुसऱ्याच्या पुढे ल. ए, इ, य समोर आले की क चा च व्हायचा, आणि ते होऊन गेल्यावर संस्कृतात ए, ओ, अ हे तिन्ही ऱ्हस्व स्वर मिसळून एकच अ उरला. ए गेला, त्याने केलेला च मागे राहिला! लॅटिनमधे 'आणि' साठी 'क्वे' आहे, संस्कृतात 'च', तोच प्रकार. आता मूळ संस्कृतच धरलं तर लॅटिनला तो ए नेमका जिथे संस्कृतात च आहे तिथेच कसा सुचला, हे सांगा.

जीभ असं करते का, हे बघायला लांब जायला नको. मोठ्याने म्हणा, 'आमचा डबा, आमची ट्रेन, आमचे डबे'. 'आमचा' मधे जीभ दातांना लागते, 'आमची', 'आमचे' मधे टाळूला. बदलाची दिशा वेगळी आहे मान्य, पण इ आणि ए दिसले की जीभ टाळूकडे धावते ती आजही दादर स्टेशनवर धावतेच आहे.

क चा च होण्यामागचं हे कारण १८७० च्या दशकात लक्षात आलं. त्याआधी श्लायखर नावाच्या मोठ्या जर्मन पंडिताने १८६८ मधे या मूळ भाषेत मेंढी आणि घोड्यांची एक गोष्टच लिहून टाकली होती आणि तिच्यात जिकडे तिकडे 'अ', जवळजवळ संस्कृतच. बाईंडिंग भारी, स्वर चुकीचे. आणि संस्कृतच मूळ म्हणत विल्यम जोन्स या कलकत्त्याच्या ब्रिटिश न्यायाधीशाचं १७८६ चं तिथलं भाषण उठसूट फेकणाऱ्यांनी ते एकदा वाचावं तरी, तो म्हणतो की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका समान मुळातून आल्या जे कदाचित आता अस्तित्वात नाही. हे शेवटचं बरोब्बर गाळलं जातं.

आता माझं लाडकं. *क्वेक्व्लोस हे 'क्वेल' म्हणजे फिरणे या धातूचं द्वित्व आहे, म्हणजे पहिलं अक्षर दोनदा म्हणून केलेला शब्द. व्याकरणवाले म्हणतात नुसता प्रत्ययाचा प्रकार, पुढे चला. मी नाही चालत पुढे. गोल फिरणाऱ्याला आपण काय म्हणतो? गरगर, भिरभिर. हिब्रू तर वेगळ्याच कुळातली, तिथेही चाकाला 'गलगल'. पहिलं चाक फिरताना बघून माणसाच्या तोंडून शब्द दोनदा निघाला असणार असं माझं ठाम मत आहे, पटो न पटो.

एकेरी 'क्वेल' ची पोरं तर अजून मजेशीर. संस्कृतात चर्, म्हणून गाय चरते. लॅटिनमधे 'कोलेरे', म्हणजे जमीन कसणे, वस्ती करणे, त्यावरून कल्चर आणि कॉलनी. म्हणजे दादरच्या हिंदू कॉलनीत गाय चरताना दिसली तर दोन्ही शब्द एकाच धातूचे. तिथून जवळच पारसी कॉलनी, त्यांच्या अवेस्तात चक्राला 'चख्र', फारसीत अक्षरांची अदलाबदल होऊन 'चर्ख', आणि तिथून आपला चरखा. रसवंतीतला उसाचा चरकही मी यातच धरतो.

बैलगाडीचे बाकीचे भागही असेच जुने आहेत. तुंबा, आरे, धाव बाजूला ठेवा, पण आस म्हणजे अक्ष, इंग्रजी ॲक्सल. जू म्हणजे युग, इंग्रजी योक. चाकाचे सर्वात जुने पुरावे साधारण इ.स.पू. ३५०० च्या आसपासचे, त्यामुळे ही मूळ भाषा त्याच्या फार आधी फुटली नसावी असं बरेच जण मांडतात. मात्र हित्तीत, म्हणजे याच कुळातल्या तुर्कस्तानच्या प्राचीन भाषेत, चाकाला 'हुर्की' असा भलताच शब्द आहे, त्याचं काय करायचं यावर पंडितांची जुंपलेली असते. रथालाही असेच परदेशी नातेवाईक आहेत, लॅटिनमधे 'रोटा' म्हणजे चाक, त्यावरून रोटेशन. आणि हे वाचून रोटी गोल असते म्हणून ती रोटावरून आली असं कुणी खाली लिहिलंत तर मी उत्तर देणार नाहीये.