गणित बरोबर आहे, मग मीटर वेगळंच का दाखवतो?

प्रश्न : सर, गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब आहे. 21 भागिले 12 म्हणजे करंट 1.75 अँपिअर, आणि 12 भागिले 1.75 केलं की रेझिस्टन्स येतो 6.86 ओहम. पण बल्ब काढून मल्टीमीटर लावला तर एक ओहमसुद्धा दाखवत नाही! मीटर बिघडलाय की माझं गणित?

उत्तर : दोन्ही ठीक आहेत, बिघडलंय काहीच नाही. तुम्ही गणित केलंत पेटलेल्या बल्बचं आणि मीटर लावलात विझलेल्याला. फिलामेंट टंगस्टनची असते, बल्ब पेटल्यावर ती दोन-अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिचा रेझिस्टन्स गार असतानाच्या मानाने साधारण दहा-बारा पट होतो. ओहम मोजताना मीटर स्वतःच्या बॅटरीतून अगदी थोडासा करंट सोडतो, तेवढ्याने फिलामेंट तापत नाही, म्हणून तुम्हाला गार रेझिस्टन्स दिसतो. तो धरा अर्धा-पाऊण ओहम, त्यातही मीटरच्या वायरींचा थोडा मिसळलेला असतो, तेव्हा आधी दोन प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) एकमेकांना टेकवून किती दाखवतो ते बघा आणि तेवढं वजा करा.

आता याच गार रेझिस्टन्सने 12 ला भागून बघा, वीस अँपिअरच्या आसपास आकडा येतो! बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी करंट खरंच असा उसळतो (वायर आणि बॅटरीच्या रेझिस्टन्समुळे पूर्ण वीस नाही होत, पण 1.75 पेक्षा कितीतरी जास्त), आणि मग फिलामेंट तापली की झटक्यात खाली येतो. जुने बल्ब बहुतेक वेळा चालू करतानाच का उडतात त्याचं एक कारण हेच.

ओहमचा नियम (करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स) तापमान तेच राहिलं तर लागू होतो, हे वाक्य पुस्तकात असतं पण सगळे ते वाचून सोडून देतात. शास्त्रज्ञ ओहमने स्वतः मात्र प्रयोगात काय स्थिर राहायला हवं याची काळजी घेतली होती. त्याने 1827 साली हा नियम छापला, त्याआधीच्या प्रयोगांत बॅटरीचं व्होल्टेज टिकत नव्हतं म्हणून त्याने थर्मोकपल घेतलं (दोन वेगळ्या धातूंचे जोड, त्यांच्या तापमानांतल्या फरकावर व्होल्टेज मिळतं), एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात, म्हणजे व्होल्टेज हलायलाच नको.

तुम्हाला खरा आकडा हवा असेल तर बल्ब पेटलेला असतानाच व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजा, आणि व्होल्टेज बॅटरीवर नाही, बल्बच्याच दोन टोकांवर. समजा बॅटरीवर 12.0 आहे, बल्बवर 11.6, आणि करंट 1.75. मधले 0.4 व्होल्ट वायर आणि जोडांत गेले, त्यांचा रेझिस्टन्स 0.4 भागिले 1.75 म्हणजे 0.23 ओहम आणि तिथे वाया जाणारी पॉवर 0.7 वॉट. बल्बचं गणित 11.6 धरून करायचं. आणि हो, करंट मोजताना मीटर सर्किट तोडून मध्ये घालायचा, अँपिअरवर ठेवलेला मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावलात तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा.

प्रश्न : पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, आणि पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. पहिल्यात रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते, दुसऱ्यात कमी होते. खरं काय? शाळेत विचारलं तर दोन्ही पाठ कर म्हणाले.

उत्तर : प्रश्न एकदम छान आहे तुझा, पाठ नको करूस. दोन्ही सूत्रं खरी आहेत, फक्त बघायचं की काय तेच राहतंय. सॉकेटला हीटर लावलास तर व्होल्टेज ठरलेलं, समजा 230. कॉइल 26.45 ओहमची असेल तर 2000 वॉट, रेझिस्टन्स दुप्पट केलास तर 1000. इथे दुसरं सूत्र वापर. व्होल्टेज पडून 200 झालं तर त्याच कॉइलवर 1512 वॉटच मिळतात, म्हणजे व्होल्टेज 13 टक्के उतरलं पण उष्णता जवळजवळ 24 टक्के, वर्गाची कमाल!

पण एखाद्या हीटरच्या प्लगची एक पिन सैल आहे असं धर. किती करंट जाणार हे हीटर ठरवतो, पिन नाही. त्या सैल जागी 0.1 ओहम असेल आणि करंट 10 अँपिअर, तर 100 गुणिले 0.1 म्हणजे 10 वॉट, आणि ते एवढ्याशा पितळेच्या टोकावर. 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं, तर हे 10 वॉट तासभर प्लास्टिकच्या आत कोंडले की पिन काळी पडते, प्लग वितळायला लागतो. इथे पहिलं सूत्र, रेझिस्टन्स वाढला की उष्णता वाढली.

प्रश्न : एलईडी बल्बच्या खोक्यावर 9 वॉट, 230 व्होल्ट, 70 मिलिअँपिअर लिहिलंय. गुणाकार 16 येतो. फसवणूक आहे का ही?

उत्तर : नाही हो. एसीवर, म्हणजे घरातल्या सॉकेटच्या विजेवर, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट हे हीटर, इस्त्री, फिलामेंटचा बल्ब यांनाच सरळ लागू पडतं. एलईडीच्या आतलं सर्किट करंट व्होल्टेजच्या तालात घेत नाही, त्यामुळे तुमचे 16 हे व्होल्ट-अँपिअर झाले, वॉट नव्हे. 9 भागिले 16.1 म्हणजे 0.56 हा पॉवर फॅक्टर. घरातला मीटर वॉटच मोजतो, त्यामुळे बिल 9 चंच येणार. आणि 230 ला 0.07 ने भागून याचा रेझिस्टन्स काढायला जाऊ नका, येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.