पट्टा मानेला घासतो म्हणून काखेखालून घ्यावा का?

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची असून तिची उंची १३२ सेंटिमीटर आहे. दर रविवारी आम्ही पाम बीच मार्गाने तिच्या आजीकडे वाशीला जातो. मागच्या सीटवर पट्टा लावला की तो मानेला घासून लाल वळ उठतो, म्हणून ती तो काखेखालून घेते. कमरेचा भाग लावलेलाच असतो, तेव्हा हे चालेल का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही, हे मुळीच चालणार नाही. गाडी एकदम थांबते तेव्हा पट्ट्याने शरीराचा भार गळ्याखालच्या आडव्या हाडावर, छातीवर आणि कमरेच्या हाडांवर पेलायचा असतो. तो काखेखालून घेतला, की तोच भार खालच्या बरगड्यांवर येतो, ज्यांच्या आड यकृत आणि प्लीहा असतात. शिवाय खांदा मोकळा राहिल्याने वरचे अंग पुढे फेकले जाऊन डोके समोरच्या सीटवर आदळू शकते. पट्टा पाठीमागे टाकण्याची सवयही तितकीच घातक आहे.

यात मुलीचा हट्ट नाही, पट्टाच मोठ्यांच्या मापाचा आहे. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत तिला बूस्टर सीट द्यावी. त्यावर मूल उंच बसते आणि कडेच्या खाचांमुळे पट्टा पोटावर न चढता मांड्यांच्या वरच्या टोकाशी राहतो. घरातली उशी हा पर्याय नव्हे, कारण ती दबते, सरकते आणि मूल पट्ट्याखालून पुढे घसरते.

उंची वाढली की बूस्टरशिवाय बसवून पाहा : पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेशी सहज दुमडले पाहिजेत, पट्टा खांद्याच्या मध्यावरून गेला पाहिजे, आणि परतीच्या वाटेवर पेंग आली तरी हीच बैठक टिकली पाहिजे. पुढच्या सीटची घाई मात्र करू नका. एअरबॅगमुळे तेरा वर्षांपर्यंत मागेच बसणे बरे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

बूस्टर येईपर्यंत तिला कॉलरचा सदरा घाला, पट्ट्याला पीळ पडलेला नाही ना हे पाहा आणि तो खांद्यावरूनच राहू द्या. मानेला थोडा लागला तरी चालेल.