शिडाला टेकू द्यायचाय, बांबू चालेल का?

प्रश्न : काका, मी सेकंडहँड अठरा फुटी शिडाची बोट घेतलीय. मुंबईहून मांडव्याकडे येताना दुपारी वारा बरोबर पाठीमागून लागतो आणि मग जिब (पुढचं छोटं शीड) मेनसेलच्या, म्हणजे मागच्या मोठ्या शिडाच्या, आडोशाला जाऊन नुसतं फडफडत बसतं. सगळे म्हणतात विस्कर पोल लाव, पण बाहेरून मागवायचा तर पाच आकडी खर्च. घरच्या घरी काही जमेल का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : जमेल की. पोल म्हणजे शेवटी काय, जिबचा मागचा कोपरा, ज्याला आपण क्ल्यू म्हणतो, तो मेनसेलच्या उलट्या बाजूला बाहेर ढकलून धरणारी काठी. दोन्ही शिडं दोन बाजूंना पंखासारखी पसरली की बोट चालायला लागते.

तुमच्या बोटीला मी बांबूच सांगेन. सिंधुदुर्गात माणगा मिळतो, काही जण त्यालाच मेस म्हणतात, तो जवळजवळ भरीव असतो आणि आपल्याला तेच हवंय. तीन वर्षांच्या वरचा, मनगटापेक्षा थोडा बारीक, आणि हिरवा असेल तर सावलीत महिना-दोन महिने वाळवून मगच हात लावा, नाहीतर नंतर तडकतो. लांबी दुकानातून विचारून आणू नका. वारा पडलेला असताना धक्क्याला बोट बांधा, जिब चढवा, कुठलीही जुनी काठी लावून क्ल्यू बाहेर धरा आणि तिथे खूण करा. साध्या जिबला मास्टपासून (डोलकाठीपासून) नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, जिबचं पुढचं टोक बांधतो तिथपर्यंतचं अंतर साधारण पुरतं, मास्टच्या मागे येणारं मोठं जिब, म्हणजे जेनोआ, असेल तर जास्त लागेल. अगदी बेताचा कापू नका, दोन बोटं जास्त ठेवा, कमी केव्हाही करता येतं.

आता खरी मेख टोकांना आहे, काठी सहसा मधे मोडत नाही. बाहेरच्या टोकाला आधी नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळून अ‍ॅराल्डाइट फासा, ते सुकलं की मगच मधोमध सरळ भोक पाडा, आधी पाडलंत तर बांबू उभा चिरणार. त्यात डोकं कापलेला ६ मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट चिकटवा, दोन इंच बाहेर राहील असा. ही पिन क्ल्यूच्या कडीत जाते. बहुतेक वेळा कडी दोन शीटांच्या, म्हणजे जिब ओढायच्या दोऱ्यांच्या, गाठींनीच भरलेली असते, मग तिथे दोरीचा छोटा लूप कायमचा बांधून ठेवा आणि पिन त्यात घाला. आणि पिनेचं टोक कानशीने घासून गोल करा हो! मी पहिल्यांदा केला तेव्हा आळस केला, पोल उतरवताना एक लाट आली आणि जिबला वीतभर फाटलं. पोल फुकटात झाला होता, शिवणकाम नाही.

मास्टकडच्या टोकाला बरेच जण नुसता दोरीचा लूप करतात आणि मग म्हणतात पोल घसरतो. घसरणारच, कारण पोल ओढला जात नाही, मास्टवर दाबला जातो, लूप दाब कसा घेणार? तिथे लाकडाचं बेचकं करून बसवा, आत सायकलची जुनी ट्यूब चिकटवा म्हणजे मास्टला ओरखडे येत नाहीत, आणि बेचकं निसटू नये म्हणून मास्टच्या मागून एक दोरी, एका झटक्यात सुटेल अशा गाठीची. झटक्यात सुटणं फार महत्त्वाचं. लावताना आधी पिन क्ल्यूत, मग पोल बाहेर ढकलून बेचकं मास्टला, मग शीट ओढा. काढताना आधी शीट ढिली.

किती वाऱ्यात वापरायचा? शिडावरच्या जोराचा अंदाज काढायचा एक हिशोब आहे, शिडाचे चौरस मीटर गुणिले वाऱ्याच्या नॉट्सचा (ताशी सागरी मैलांचा) वर्ग गुणिले ०.०२१. म्हणजे ६ चौरस मीटरच्या जिबवर १० नॉटला साधारण १३ किलो आणि १५ नॉटला २८. वारा दीडपट, जोर दुपटीच्या वर. मी १२-१३ नॉटनंतर पोल उतरवतो. आणि वारा पाठीमागून असताना मेनसेलचं बूमही (शिडाखालची आडवी काठी) पुढे दोरीने बांधून ठेवत जा, नाहीतर ते अचानक पलटून कोणाच्यातरी डोक्यात बसायचं.

प्रश्न : दादा, आमच्याकडे रंगाऱ्याचा लांब-आखूड होणारा रॉड पडून आहे, एंटरप्राइज डिंगीला (छोट्या रेसच्या बोटीला) चालेल का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : हलक्या वाऱ्यात चालेल ताई, पण पिळून घट्ट करायचं ते लॉक दाब आला की सरकतं. माझा असाच एका झुळकीत दुर्बिणीसारखा आत गेला होता. लांबी एकदा ठरली की आरपार भोक पाडून पिन घाला. स्टेनलेस पिन अ‍ॅल्युमिनियममध्ये खाऱ्या पाण्यात गंज आणते, तेव्हा ग्रीस लावा. दोन्ही तोंडं थर्माकोल आणि सीलंटने बंद करा. ३८ मिलिमीटरची, दीड मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची नळी मीटरला अर्धा किलोही भरत नाही आणि पाणी मात्र किलोच्या वर सारते, त्यामुळे हातातून निसटली तरी तरंगते. रेसमध्ये वापरणार असाल तर क्लासचे, म्हणजे त्या प्रकारच्या बोटींचे, नियम आधी बघा.

प्रश्न : पीव्हीसी पाइप?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. धनुष्यासारखा वाकतो, उन्हात तर जास्तच. लांबी दुप्पट केली की कुठलीही काठी एक चतुर्थांश दाबालाच वाकते, पीव्हीसी तर आधीच मऊ. तो पाइप परसबागेला वापरा.